टाकी ते टाकी

“आणि जरा हलीव,” आबा मला म्हणाले.

मी गाडीला नुसता हात लावून उभी होते. हलवत होता तो माझा नवरा प्रफुल्ल, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून, गाडीच्या पलीकडच्या बाजूने. आबांपासून तो दोन हातांवर असेल. पण आमच्या लग्नाला दोन वर्षं होत आली तरी माझे वडील त्याच्याशी थेट एक शब्द बोललेले नव्हते, आणि शिवाजी पुलाजवळच्या त्या पेट्रोलपंपावर, सकाळच्या गर्दीत, सुरुवात करायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

“त्यास्नी सांग, मागनं धरून हलवा. डिकीकडनं.”

मी सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती, प्रफुल्लने ऐकलंच होतं. पण मधे मी असणं हा त्या दोघांच्या बोलण्याचा नियमच होऊन बसला होता. प्रफुल्ल मागे गेला आणि गाडी झुलवू लागला. टाकीत बुडबुड झालं. आबांनी पंपावरच्या माणसाला बोटाने खूण केली, त्याने नळी पुन्हा दाबली, आणि पेट्रोल टाकीच्या तोंडाशी दिसू लागलं तेव्हा कुठे आबांचं समाधान झालं. नळी आपोआप बंद पडली म्हणजे टाकी भरली, असं मानणारे लोक त्यांच्या लेखी अडाणी. आत हवा अडकते, गाडी हलवली की ती निघते, आणि हवा काढल्याशिवाय मोजलेलं ॲव्हरेज म्हणजे निव्वळ थाप. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमले होते.

आबांनी सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका डिझेल इंजिनच्या कारखान्यात काढली. इंजिनं जुळवता जुळवता सुपरवायझर झाले आणि त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. चालू इंजिनावर तळहात ठेवून आत काय दुखतंय ते सांगणारा माणूस. डिझेल सोडून दुसऱ्या कशावर गाडी चालते हे त्यांना ठाऊक होतं, पण पटलेलं नव्हतं. पेट्रोल म्हणजे उधळेपणा. आणि पेट्रोलच्या इंजिनाला बॅटरी आणि मोटर जोडून केलेली हायब्रिड म्हणजे, त्यांच्या शब्दांत, दोन दगडांवर पाय. प्रफुल्ल एका औषध कंपनीत एरिया मॅनेजर, आठवडाभर सांगली, मिरज, सातारा असं त्याचं फिरणं. त्याने नेमकी हायब्रिडच घेतली होती.

अर्थात आबांचा राग गाडीवरचा नव्हता. प्रफुल्ल यवतमाळचा, जात आमच्यापेक्षा वेगळी, आणि मी घरात विचारण्याच्या फंदात न पडता रजिस्टर लग्न करून मोकळी झालेली. आबांनी आरडाओरडा केला नाही. मी माहेरी यायचं, हवं तितके दिवस राहायचं, पण एकटीने. प्रफुल्ल मला गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळापर्यंत सोडायचा आणि तिथूनच गाडी वळवायचा. आई त्याच्यासाठी डब्यात काहीबाही भरून द्यायची. डबा आमच्या घरी यायचा, प्रफुल्ल मात्र कधी माझ्या माहेरच्या उंबऱ्यात आला नाही.

आता माझ्या धाकट्या भावाचं, सुशांतचं लग्न महिन्यावर आलं होतं. आमच्याकडे जावयाला लग्नाचं बोलावणं पत्रिका टपालात टाकून करत नाहीत. सासरा स्वतः हातात अक्षत देतो, तेव्हा ते बोलावणं. मी आईला सांगून टाकलं होतं, की प्रफुल्लला अक्षत मिळाली नाही तर मीही लग्नाला येणार नाही. एकुलता एक भाऊ, करवली म्हणून मिरवायची मला लहानपणापासूनची हौस. तरी बोलले. आईने ते आबांच्या कानावर घातलं. आबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले. पत्रिका छापून आल्या, सगळ्या वाटून होत आल्या, आमच्या घरी कोणी आलं नाही.

मधे हे गाडीचं निघालं. सुशांतला लग्नाआधी गाडी घ्यायची होती, आणि त्याला हवी होती दाजींसारखीच. आबा त्याच्याबरोबर शोरूममध्ये गेले, तिथल्या माणसाचं तासभर डोकं खाल्लं आणि घरी येऊन म्हणाले, की हे जाहिरातीतलं ॲव्हरेज जाहिरातीला लखलाभ असो. आपल्या रस्त्यावर, आपल्या घाटात गाडी किती देते ते टाकी ते टाकी मोजायचं. बावीसच्या वर गेली तर खुशाल घे, खाली आली तर मुकाट्यानं डिझेल. गाडी तुझ्या दाजींची वापरू, रस्ता मी सांगतो. आंबा घाट उतरून साखरप्याला जायचं आणि परत याच पंपावर यायचं. सुशांतला रजा मिळेना, म्हणून मधला निरोप्या म्हणून माझी नेमणूक झाली.

दोन वर्षांत आबा पहिल्यांदाच प्रफुल्लच्या गाडीत बसणार होते, याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला धास्ती वाटत होती. गाडी जिंकली तर आबा सगळ्यांच्या देखत खोटे ठरणार, आणि हरलेले आबा घरात आठवडाभर कुणाशी धड बोलत नाहीत हे मी लहानपणापासून बघितलेलं. गाडी हरली तर त्याहून वाईट, कारण प्रफुल्लला हरणं सोसत नाही असं नाही, पण कुणाचं काही चुकलं की त्याला राहवत नाही. डॉक्टरांना गोळ्या समजावून सांगण्याची सवय. पोहे भिजवण्यापासून मोबाईलच्या चार्जिंगपर्यंत तो समोरच्याचं बोलणं दुरुस्त करतो, तेही अगदी मनापासून. आबा आणि तो एका गाडीत दिवसभर, आणि विषय ॲव्हरेजचा. माझी अक्षत आंबा घाटातच पडणार असं मला दिसत होतं.

गाडी पंपावरून निघाली ती आवाज न करता.

“चालू झाली का न्हाई ही?” आबांनी पुढच्या सीटवरून मागे वळून मला विचारलं.

“झाली, आबा. चालली पण.”

केर्ली मागे पडलं तरी ते कान लावून बसले होते. इंजिन मधेच सुरू व्हायचं, मधेच बंद व्हायचं. एकदा बांबवड्याच्या बाजारात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो आणि गाडीत इतकं शांत झालं, की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच मोठा वाटला. आमच्या जुन्या डिझेल गाडीत सगळे ओरडून बोलायचे, त्यामुळे कुणी गप्प आहे हे कळायचं नाही. इथे ते कळत होतं. आबांनी हळूच डॅशबोर्डवर तळहात ठेवला, कारखान्यात ठेवायचे तसा. थरथर नव्हतीच. त्यांनी हात काढला आणि थोड्या वेळाने पुन्हा ठेवला.

“त्यास्नी इचार, बॅटरी गेली म्हंजे?”

“आबांना सांग, आठ वर्षांची वॉरंटी आहे.”

“आणि मग?”

“सांग त्यांना, मग आपला खर्च. पण तशी जात नाही ती लवकर.”

मी दोघांकडे आळीपाळीने बघत ते पोचवत होते. समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता, दोघांची तोंडं रस्त्याकडे होती, आणि बोलणं माझ्या मागच्या सीटला वळसा घालून जात होतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

मलकापूर सोडल्यावर, घाट लागायच्या आधी, आबा म्हणाले, “त्यास्नी इचार, म्होरं मी चालवू का?”

प्रफुल्लने मला विचारू दिलंच नाही. त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि दार धरून उभा राहिला. आबांनी सीट पुढे ओढली, आरसे बसवले, आणि ऑटोमॅटिकच्या दांडीकडे एकदा नीट बघून घेतलं. नंतर मात्र गाडी अशी काढली, जशी रोजचीच असावी.

घाटातली वळणं त्यांनी जपून घेतली. पण वळण सरलं आणि पुढे सरळ उतार दिसला, की ते दांडी न्यूट्रलला टाकायचे आणि गाडी नुसती घरंगळू द्यायचे. हे काही नवं नव्हतं. उतारावर न्यूट्रल करणं ही त्यांची, त्यांच्या कारखान्यातल्या सगळ्यांची, आणि मला वाटतं आमच्या अख्ख्या जिल्ह्याचीच जुनी खोड. देवाने उतार फुकट दिलाय, तिथं तेल कशाला जाळायचं, असा तो हिशोब. आई पूर्वी त्यावरून त्यांच्याशी भांडायची. मी प्रफुल्लकडे बघितलं. तो आता काहीतरी दुरुस्त करणार, ब्रेक, सुरक्षितता, गिअर, काहीतरी, या भीतीने मी सीटची कड धरून बसले. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. खिडकीची काच खाली केली आणि दरीकडे बघत राहिला. साखरप्यापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. घाटात उतरताना आबांनी निदान पाच-सहा वेळा तरी त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं असेल, पण तो आपला गप्प.

साखरप्यात मिसळ खाल्ली. प्रफुल्लने नुसतं ताक घेतलं. परतीलाही आबांनीच गाडी चालवली, चढावर दाबून, उतारावर न्यूट्रल, थेट शिवाजी पुलापर्यंत.

पंप तोच, नळी तीच, गाडी उभी करायची जागाही तीच. या वेळी गाडी हलवायला आबा स्वतः डिकीकडे गेले. त्या वयात त्यांनी गाडी अशी झुलवली, की पंपावरचा माणूस म्हणाला, “बास आता, आबा, गाडी उलटंल.” पेट्रोल काठोकाठ झालं. प्रफुल्लने मोबाईल काढला आणि किलोमीटरला लिटरने भागलं. मी त्याच्या खांद्यावरून बघायला गेले तेवढ्यात आबा पुढे आले.

“किती आलं हो?”

प्रफुल्लने मोबाईलवरून मान वर केली. “एकवीस,” तो म्हणाला. “एकवीसच्या थोडी वर, आबा.”

“म्हंजे बावीस न्हाई.”

“नाही.”

मी वाट बघत होते. त्याच्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एसी दिवसभर चालू होता. बाजारात अडकलो होतो. चढावर गाडी दाबली होती. हीच गाडी त्याच्या हाताखाली चोवीस देत होती, रोज, आणि हे तो मला दर रविवारी ऐकवत असे. त्याने मोबाईल खिशात ठेवला.

“तुमचं बराबर निघालं, आबा.”

आबांनी टाकीचं झाकण लावलं, खटका वाजेपर्यंत फिरवलं, आणि रुमालाला हात पुसले. मग म्हणाले, “घरी जेवाण झालंय. जेवून जावा.”

गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळापाशी प्रफुल्लने सवयीने गाडी हळू केली. आबांनी नुसता हात पुढे केला, चला म्हणून. आईने दार उघडलं, प्रफुल्लला बघितलं, आणि हातातलं उलथनं घेऊन तशीच आत पळाली. बाहेर आली ती डोळे पुसून, पाण्याचा तांब्या घेऊन. जेवणं झाल्यावर आबांनी देवघरातून पत्रिका आणली, त्यावर कुंकवात भिजवलेल्या अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी प्रफुल्लसमोर धरली. “जमंल तसं लवकर यायचं,” एवढंच म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. लग्नात मी करवली होते, आणि जावयाचा फेटा प्रफुल्लच्या डोक्याला मोठा होत होता.

यातली एक गोष्ट मात्र आम्हाला कळेना. आठच दिवसांनी आबा सुशांतला म्हणाले, “ती बिनआवाजाचीच घे.” सुशांत म्हणाला, आबा, ती तर हरली. आबा म्हणाले, “घे म्हनतोय न्हवं?” लग्नघरात माणसाचं मन मऊ होतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली. आबा जिंकले, म्हणून खूश होऊन त्यांनी जावयाला जवळ केलं आणि गाडीलाही माफ केलं, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत आले.

लग्नानंतर गाडी सर्व्हिसिंगला गेली. तिथून प्रफुल्ल घरी आला तो कपाळावर हात मारून. म्हणाला, या गाडीत उतारावर न्यूट्रल करायचंच नसतं. गिअरमध्ये ठेवली तर उतरताना चाकं मोटर फिरवतात, बॅटरी भरते, आणि पुढे चढाला तीच वीज कामाला येते. न्यूट्रलला चाकांचा आणि मोटरचा संबंध तुटतो, काही भरत नाही. अख्खा आंबा घाट आबांनी फुकट घालवला, नाहीतर बावीस कुठेच गेले नव्हते. तो उठून आबांना फोन लावायला निघाला. मी फोन हातातून काढून घेतला. जे झालं ते इतकं चांगलं झालं होतं, की त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. आबांची चूक आबांना कधी कळू द्यायची नाही असं आम्ही ठरवलं, आणि प्रफुल्लसारख्या माणसाने ते पाळलं, हे मला त्याचं फार मोठं वाटत आलंय.

याला आता बरीच वर्षं झाली. आई गेली. आबांनी गाडी चालवणं सोडलं, डोळ्यांमुळे. सुशांतची बदली रत्नागिरीला झाली, आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही आबांना त्याच्याकडे पोचवायला निघालो. गाडी तीच जुनी हायब्रिड, आठ वर्षांची वॉरंटी केव्हाच उलटून गेलेली, बॅटरी मात्र पहिलीच. घाटमाथ्यावर चहाला थांबलो. आबा पुढच्या सीटवर दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसले होते. खाली दरीत धुकं होतं.

“हितनं खाली मी न्यूट्रल करत गेलतो,” आबा एकदम म्हणाले. “आठवतंय का रं, प्रफुल्ल?”

प्रफुल्लने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं.

“आठवते ना, आबा.”

“न्यूट्रलला बॅटरी भरत न्हाई हे मला ठावं होतं. शोरूमवाल्याला मी पयलं तेच इचारलं. इंजिनातच जन्म गेला माजा, मोटर चाकाला जोडल्याबिगार वीज कुठनं येणार?” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आणि परत आल्यावर टाकी भरताना गाडी जरा जास्तच हलीवली, म्हंजे तेल जास्त बसलं.”

मी म्हटलं, “आबा, म्हणजे तुम्ही मुद्दाम हरवली तिला?”

“तुला काय वाटलं, मला ॲव्हरेज बघायचं हुतं? ते तर सुशांतच्या मित्राच्या गाडीवरनं कवाच कळलं हुतं. मला ह्यो बघायचा हुता. जिंकल्यावर समदेच बरे वागत्यात. पोरगी दिली न्हवती मी, तिची तिनं दिली. म्हटलं निदान बघू तरी कुणाला दिली.” मग ते प्रफुल्लकडे वळले. “तू घाटात एकदा तोंड उघडलंस आणि मिटलंस. म्हाताऱ्याची चूक पोरीसमोर काढायची न्हाई, म्हणून गप बसलास. मी तिथंच ठरीवलं, ह्याला अक्षत द्यायची.”

इतकी वर्षं आम्ही आबांपासून एक गोष्ट जपून ठेवली होती आणि आबांनी आमच्यापासून तीच. मला वाटलं प्रफुल्ल आता हसून हो म्हणेल. म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. म्हाताऱ्या माणसाने एवढ्या वर्षांनी उघडलेली मूठ, तिच्यात काही नव्हतं हे कशाला दाखवायचं?

पण त्याला राहवत नाही.

“मला तं माहीतच नव्हतं, आबा,” प्रफुल्ल म्हणाला. “लग्नानंतर सर्व्हिसिंगवाल्यानं सांगितलं. आणि घाटात मी गप्प होतो कारण मला गाडी लागली होती. आम्ही सपाटीवरची माणसं. स्वतः चालवतो तेव्हा काही होत नाही, बाजूला बसलो की होते. तोंड उघडलं असतं तर तुमच्या अंगावरच आलं असतं सगळं.”

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मला प्रफुल्लचा इतका राग कधी आला नव्हता.

“मग पंपावर?” आबांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता. “पंपावर तर गाडी लागली न्हवती. तिथं का गप बसलास? ही सांगती, चोवीस द्यायची म्हणं तुझ्या हाताखाली.”

प्रफुल्लने रिकामा कप बॉनेटवर ठेवला.

“तिथं तुम्ही विचारलं, ‘किती आलं हो?’ मला विचारलं. हिच्याकडे न बघता. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग ते एकवीस काय न् चोवीस काय, आबा.”

मी तिथेच उभी होते त्या दिवशी, त्याच्या खांद्यामागे, आणि माझं लक्ष मोबाईलमधल्या आकड्याकडे होतं. त्यांनी थेट त्याला विचारलं, हे मला जाणवलंही नव्हतं.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

“म्हंजे मी भलत्याच कारणानं तुला जावई केला,” ते म्हणाले. “आता काय, वॉरंटी बी संपली. परत कुणाला देऊ?”

त्यांनी पाय आत घेतले आणि दार ओढून लावलं. मी मागे बसले. प्रफुल्लने बटण दाबलं, गाडी आवाज न करता हलली आणि पहिल्या वळणाला लागली. आबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“सावकाश जाऊ दे,” ते प्रफुल्लला म्हणाले. “आणि उतारावर न्यूट्रल करू नकोस.”